नानांचं रिव्हॉल्व्हर दुरुस्त करावं का?

रमजानच्या आधी मामेभावाचा फोन आला. "आपा, नानांच्या रिव्हॉल्व्हरचं काय करायचं? फोर्टातला दुकानदार विचारतोय, दुरुस्त करून देऊ की काय ते एकदा ठरवताय?"

मामूंचा इंतकाल होऊन वर्ष होत आलं होतं. परवाना त्यांच्या नावावर होता. घरातल्या सगळ्या वस्तूंची वाटणी झाली, शिलाई मशीनसुद्धा कोणाकडे जायचं ते ठरलं. राहिली ती ही एकच वस्तू. आमच्या खानदानात कागदपत्रं वाचायचं काम माझ्याकडे येतं, कारण मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते आणि अर्ज लिहू शकते. बंदुकीतलं मला काही कळत नाही. पण भावाने विचारलं म्हणून शोधायला बसले आणि एवढ्याशा लोखंडाच्या मागे केवढा इतिहास आहे ते बघून थक्क झाले. तोच इथे लिहिते आहे.

आधी वस्तूविषयी. नानांची रे रोडला लाकडाची छोटी वखार होती. शनिवारी मजुरांचा पगार वाटायचा आणि ती रोकड घेऊन परळहून जायचं, या कारणासाठी त्यांनी पन्नासच्या दशकात परवाना काढला. रिव्हॉल्व्हर घेतलं ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या एका अँग्लो-इंडियन फोरमनकडून. तो कुटुंबासह विलायतेला निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. आमच्या घरात सांगतात की त्याच दिवशी नानांनी त्याच्याकडून एक आरामखुर्चीही घेतली, आणि खुर्ची रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग पडली. खुर्ची अजून मामींकडे आहे, शाबूत आहे.

रिव्हॉल्व्हर स्वस्त होतं, कारण ते मुळातच स्वस्त म्हणून बनवलेलं होतं. त्याच्या चक्रीवर एक बारीक अंडाकृती छाप आहे. आत ई, एल, जी ही तीन इंग्रजी अक्षरं आणि वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीघराचा शिक्का. लिएजमध्ये बंदुका तपासून शिक्का मारायची पद्धत १६७२ पासूनची, आणि मुकुटवाला शिक्का १८९३ नंतरचा. म्हणजे आमची वस्तू त्यानंतरची. तिथे आजूबाजूच्या खेड्यांत घरोघरी सुटे भाग बनत. एका घरात घोडा, दुसऱ्या घरात चाप, तिसरीकडे लाकडी मूठ. शहरातला व्यापारी ते जोडून घेई आणि जगभर पाठवी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांची किंवा धारावीच्या चामड्याच्या कामाची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल. इंग्रजी वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये 'बुलडॉग' नावाचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं, तर लिएजवाल्यांनी त्याच्या नकला हजारोंनी काढल्या. आमचं त्याच जातीचं.

इथे एक मजेची गोष्ट सापडली. लिएजला लागूनच एर्स्टाल नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात ब्राउनिंग पिस्तुलं बनत. १९०९ साली लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुलं मुंबईला पाठवली ती ब्राउनिंगच होती. त्यातल्याच एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नानांच्या वखारीतलं स्वस्त रिव्हॉल्व्हर आणि कान्हेऱ्यांचं पिस्तूल एकाच परिसरातले, म्हणजे गाववालेच म्हणायचे! फरक एवढाच की एक चोरकप्प्यातून आलं आणि दुसरं परवान्यावर.

परवाना हा शब्द आम्हा उर्दूवाल्यांना आधी शायरीत भेटतो. शमेवर झेप घेणारा पतंग म्हणजे परवाना. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सरकारी हुकूमनामा, आणि मराठीत फक्त तोच राहिला. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं हसतात. बंदुकीचे बाकीचे शब्दही असेच दूरदूरहून आलेले. 'बंदूक' अरबीतून, तिथे 'बुंदुक' म्हणजे एक गोल कवचाचं फळ, त्यावरून गोळी. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' पोर्तुगिजांकडून. तोफ तुर्कांची. 'दारू' फारसीत औषध, मराठीत बंदुकीची. आणि मुंबईच्या गल्लीत या सगळ्याला एकच शब्द, 'घोडा'.

तर परवाना. १८५७ नंतर इंग्रजांनी देश हळूहळू निःशस्त्र करत आणला, पण साऱ्या हिंदुस्थानासाठी पक्का कायदा झाला तो १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या काळात. त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदा आणला. शब्द आणि शस्त्र एकाच वर्षी बंद. वर्तमानपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने चार वर्षांत काढून टाकला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालू राहिला. त्या कायद्यातली खरी बोच अशी होती की गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना. गावात वाघ शिरला तरी पाटलाने आधी कलेक्टर कचेरीत जायचं. त्या काळच्या नेत्यांना बंदूक चालवायची हौस होती असं नव्हे. कलेक्टरच्या दाराशी उभं राहून आपण विश्वासू आहोत हे सिद्ध करावं लागतं, हा अपमान त्यांना सलत होता.

हे वाचताना मी थांबले. विश्वासू असल्याचा पुरावा देत राहणं म्हणजे काय, ते मला आणि माझ्यासारख्या बऱ्याच वाचकांना वेगळं सांगायला नको.

परवान्याबाहेरच्या रिव्हॉल्व्हरांचाही मुंबईत इतिहास आहे, आणि तो आपल्या पायाखालचाच आहे. आज लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, आपण मोबाइलचे आणि संगणकाचे सुटे भाग घ्यायला जातो. गिरगावातून चालत गेलं तरी पोचतो. तिथल्या पोलीस ठाण्याजवळ ऑक्टोबर १९३० मध्ये, लाहोर खटल्यात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशीची शिक्षा जाहीर झाल्यावर दोन-तीन दिवसांतच, दुर्गा भाभी म्हणजे दुर्गादेवी व्होरा आणि त्यांच्या साथीदारांनी मोटारीतून गोळीबार केला. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी जखमी झाले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडलं. गव्हर्नर बचावला. अशा प्रसंगांनंतर सरकारचा हात परवान्यांवर अधिकच आवळत गेला असणार, त्यात नवल नाही.

काँग्रेसने मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव केला तेव्हा त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, नियमांच्या अधीन राहून. हे मला माहीत नव्हतं. गांधीजी समोर बसलेले, वल्लभभाई अध्यक्ष आणि ठरावात शस्त्राचा हक्क! पण लिटनच्या कायद्याचा राग मनात धरून वाचलं की त्यात विसंगती वाटत नाही.

मग घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तोच कराचीचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. बाबासाहेब आमच्या भागातले. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांची कितीतरी वर्षं गेली, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: काँग्रेसने ही मागणी केली तेव्हा परकं सरकार लोकांना मुद्दाम निःशस्त्र ठेवत होतं, ती परिस्थिती आता उरलेली नाही. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार विनाअट घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा? आणि देशाला हवं आहे ते व्यक्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, वेळ आली तर देशासाठी शस्त्र उचलण्याचं कर्तव्य. कामतांची दुरुस्ती पडली. घटनेच्या १९ व्या कलमात आज आपल्याला शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. शस्त्राचा हक्क नाही. ते परवान्याचं प्रकरण राहिलं. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. नानांच्या परवान्याची पहिली वही लिटनच्या कायद्याखालची, दुसरी स्वतंत्र भारताच्या. रिव्हॉल्व्हर तेच.

मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. पण पटतं असं लिहिताना १९९३ चा जानेवारी डोळ्यांसमोर येतो आणि ते इतकं सरळ राहत नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची. अम्मीबरोबर नानींकडे परळला होते. नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती, परवाना मामूंच्या नावावर आला होता. चाळीत आमच्यासह तीन घरं मुसलमानांची, बाकी सगळी गिरणीवाल्यांची, आणि त्यातल्या बहुतेकांच्या गिरण्या संपानंतर बंद पडलेल्या. संचारबंदी दोन तास उठायची. त्या दोन तासांत भायखळ्याच्या पलीकडे नातेवाइकांकडे जायचं ठरलं. मामूंनी पोटमाळ्यावरून पितळी डबा काढला. त्यात कापडात गुंडाळलेलं ते रिव्हॉल्व्हर. त्याची चक्री आधीच ढिली झालेली, घोडा ओढला तर कधी फिरायची, कधी नाही. काडतुसं तर नानांच्या वेळचीच होती. मामू म्हणाले, बरोबर घेतो.

नानींनी त्यांच्या हातातून डबा घेतला. लालबाग ते चिंचपोकळी रस्त्यावर जागोजागी नाकाबंदी. दाढीवाला तरुण मुलगा, पिशवीत रिव्हॉल्व्हर. खिशात परवाना आहे हे तुला माहीत, पण तो वाचेपर्यंत कोण थांबणार आहे? नानी शाळा शिकलेल्या नव्हत्या. हा सवाल मात्र त्यांनाच सुचला. डबा पुन्हा पोटमाळ्यावर गेला, वर गोधड्या, दाराला कुलूप.

पुढचे अठरा दिवस आम्ही नातेवाइकांकडे होतो. त्या दिवसांत नानींना घराची काळजी होती असं मला आठवत नाही. भांडी जातील, शिलाई मशीन जाईल, जाऊ दे. पण तो डबा कोणाच्या हाती लागला तर? त्यातून एखादा मेला आणि नंबर नानांच्या वहीतला निघाला तर? ज्या वस्तूने आमचं रक्षण करायचं, तिच्याच भीतीने घरातली मोठी माणसं रात्री जागत होती. परत आलो तेव्हा कुलूप शाबूत होतं. नानी चप्पल न काढता शिडीवर चढल्या.

त्यानंतर दोनच महिन्यांत बॉम्बस्फोट झाले. टाडाखाली पकडापकडी सुरू झाली आणि 'हत्यार' हा शब्द आमच्या घरात कुजबुजून बोलायचा झाला. मामूंनी परवाना, वही आणि डबा घेतला, फोर्टातल्या परवानाधारक दुकानात रिव्हॉल्व्हर सांभाळायला दिलं आणि पावती आणली. तेव्हापासून ते तिथेच आहे. मामू दरसाल जाऊन भाडं भरत, मुदत आली की परवाना वाढवून घेत. का वाढवता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, सोडून दिला तर पुन्हा कधी मिळायचा नाही.

आता भावाचा मुद्दा. तो म्हणतो, "आपा, नानांची आठवण आहे. आणि दिवस कसे आहेत बघतेस ना? घरात काहीतरी असलेलं बरं." पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मृत्यूंची मोजदाद केली आहे. एकूण ९००. त्यात मुसलमान ५७५, हिंदू २७५, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. लोक हे आकडे सांगतात आणि थांबतात. त्याच अहवालात माणसं कशाने मेली तेही आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या मारहाणीत ८०. खासगी गोळीबारात २२. इतर कारणांनी ४. मी हे भावाला फोनवर वाचून दाखवलं. कोणी म्हणेल, घरात बंदूक होती म्हणून किती वाचले ते यात कुठे आहे? बरोबर आहे, ते मोजता येत नाही. पण पोटमाळ्यावरचं रिव्हॉल्व्हर ३५६ पुढे काय करणार होतं? आणि गल्लीच्या तोंडाशी चाकू घेऊन उभ्या असलेल्याकडे जाताना ते हातात हवं होतं, ते तर नाकाबंदीने नेऊच दिलं नसतं.

भाऊ गप्प बसला. मग म्हणाला, निदान दुकानात जाऊन बघून तरी येऊ.

गेलो. कारागीर म्हातारा, डोळ्याला भिंग लावलेला. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेऊन घोडा हळू मागे ओढला, चक्री बोटाने हलवून दाखवली. ती डुगडुगत होती. त्याने समजावलं ते असं: घोडा मागे ओढला की आतली एक छोटी पट्टी चक्रीला एक घर पुढे ढकलते आणि दुसरा अडसर ती नेमक्या जागी रोखतो. दोन्ही झिजलीत. त्यामुळे काडतुसाचं घर नळीसमोर नीट येत नाही. अशा वेळी बार उडाला तर गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात, चालवणाऱ्याच्या हातावर किंवा शेजाऱ्याच्या डोळ्यात. पट्टी नवीन बनवता येईल, कमान बदलता येईल. "करून देईन, पण चालवू नका," तो म्हणाला. कारण हे जुन्या काळ्या दारूसाठी बनलेलं, लोखंड मऊ. आणि याचा बोअर .३२० चा, आता ती काडतुसं कोण बनवतं? आज बाजारात मिळतं ते .३२ चं लांब काडतूस याच्या घरात बसत नाही. घर कातून मोठं केलं तर भिंत पातळ होईल आणि फुटेल.

किमतीची गंमतही त्यानेच सांगितली. ऐंशीच्या दशकात सरकारने खासगी माणसांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद केली. तेव्हापासून जुनी इंग्रजी .३२ ची वेब्ली सोन्यासारखी झाली, लाखांत जाते. लोकांना वाटतं, जुनं विलायती म्हणजे किमती. पण बेल्जियमच्या या स्वस्त मालाला कोणी विचारत नाही. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या वर जाईल.

मग मी कायदा वाचला आणि खरी गोष्ट तिथे सापडली. दुरुस्तीसुद्धा फक्त परवानाधारकाकडूनच करायची, हे पाचव्या कलमात आहे. ते ठीक. पण ४५ व्या कलमात कायदा कशाला लागू नाही याची यादी आहे आणि त्यात असं आहे की जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू नाही. पुन्हा वाचा. मोडकं असणं पुरेसं नाही. दुरुस्त होऊच शकत नसेल तर ते लोखंड. दुरुस्त होऊ शकत असेल तर ते आज बंद पडलेलं असलं तरी बंदूकच. म्हणजे भाऊ जो सवाल मला विचारत होता, तोच कायदाही विचारतो. आणि कारागिराने तर आमच्यासमोरच सांगितलं होतं, करून देईन.

त्यामुळे मोडकं म्हणून शोकेसमध्ये ठेवायची वाट बंद. ते लोखंड आहे की बंदूक, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं, तज्ज्ञ तपासून सांगतो. वारस म्हणून भावाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण त्यात पोलीस चौकशी, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण आणि हे कशासाठी हवं याचं कारण द्यावं लागतं. नानांकडे कारण होतं, शनिवारची रोकड. भावाचा धंदा सगळा मोबाइलवरच्या पैशांनी चालतो. अर्जात कारण काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा तो हसला.

'दुरुस्त' हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ योग्य, बरोबर. उर्दूत बिघडलेल्या वस्तूला करतात ती 'मरम्मत', आणि मुंबईत 'मरम्मत' म्हणजे मार. माझं मत मी भावाला सांगितलं: दुरुस्त करू नकोस, मरम्मत तर नकोच. सरकारजमा कर. मामींचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

भावाने दोन दिवस घेतले. मग आला आणि म्हणाला, अर्ज लिहून दे. मी लिहिला. पोलीस आयुक्त, मुंबई यांच्या नावे, परवानाधारक मयत, वारसांना शस्त्र ठेवायचं नाही, जमा करून घ्यावं. नंबर वहीतून उतरवून घेतला. वहीची पानं पिवळी पडलीत, नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक. नानांची सही उर्दूत, मामूंची मराठीत. वहीही द्यावी लागेल, म्हणून भावाने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आहे. पितळी डबा मामींनी चिंच घालून घासला. त्यात आता आरामखुर्चीची उशी शिवायचा दोरा आणि बटणं आहेत.